बिनकोटाचा फोटो

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा त्याचा कॅमेरा माझ्यासमोर टेबलावर उघडा होता आणि मी त्या कॅमेऱ्यावर चिडून बसले होते. सकाळचा चहा निवून त्यावर साय धरली होती. "आत्या, पप्पा गेले," एवढंच संदीप म्हणाला, आणि मग नुसताच हॉस्पिटलच्या व्हरांड्यातला गलका ऐकू येत राहिला... मी सांगलीत, तो मिरजेत, मधे रिक्षाने जाण्याएवढं अंतर. आदल्या संध्याकाळीच मी दादाच्या उशाशी होते. तरी फोन ठेवल्यावर मी काय केलं, तर त्या कॅमेऱ्याचं दार खटकन लावून टाकलं. आता काही आठवडे झालेत. हे लिहायला मला वहिनींनी सांगितलं आहे. सारी नोकरी पोरांना मराठी शिकवण्यात गेली, तरी मला स्वतःला जमेल असं वाटत नव्हतं, अजूनही वाटत नाही.

दादा कराडजवळच्या एका साखर कारखान्यात फिटर होता. हट्टी, तोंडाळ आणि कुठलीही वस्तू उघडून बघितल्याशिवाय चैन न पडणारा. माझ्या लग्नात आलेलं घड्याळ त्याने मांडवातच उघडलं होतं, ते आजतागायत पुढे पळतं. आमचं भांडण झालं नाही असा सण मला आठवत नाही. पण एका बाबतीत आम्ही दोघं एक होतो, ती म्हणजे आबांचा फोटो. आबा, आमचे वडील, जन्मभर सदरा, धोतर आणि पटका यांत वावरले. ते गेले तेव्हा घरात त्यांचा एकटा असा फोटोच नव्हता. धावपळीत कोणीतरी मतदानाच्या ओळखपत्रावरचा चेहरा दुकानात नेऊन दिला आणि दुकानदाराने आपल्या पद्धतीप्रमाणे त्याला काळा कोट आणि लाल टाय चढवला. मागे निळा पडदा. वर पटका आणि खाली टाय! दहाव्याला ती तसबीर पाहिली आणि रडता रडता मला हसू फुटलं. दादा मात्र हसला नाही. तसबिरीकडे बघत म्हणाला, "ह्यो कोन सायब हाय गं सुमे? आबा कुटं हायत?" पुढे दरवर्षी आबांच्या तिथीला हार घालताना तो हेच म्हणायचा. मला वाटायचं, थट्टा करतोय.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी दादाला पोटातल्या दुखण्यासाठी मिरजेला आणलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी संदीपला आणि मला आत बोलावलं, पण दादा आमच्या मागोमाग येऊन खुर्ची ओढून बसलाच. "मशीन माजं हाय. काय बिघडलंय त्ये मला सांगा," म्हणाला. त्यांनी सांगितलं. फार आडपडदा ठेवला नाही. बरं होण्यासारखं राहिलेलं नव्हतं, दिवाळी बघता आली तर बघू, असा सूर होता. परतताना आम्ही रिक्षाने माझ्या घरी निघालो. सांगलीत शिरल्यावर जुन्या सामानाच्या दुकानांपाशी दादाने एकदम रिक्षा थांबवली आणि उतरला. मला वाटलं, उलटी होतेय. बघते तर हा मिक्सरची भांडी, गंजलेल्या इस्त्र्या आणि बिनपट्ट्यांची पेटी यांच्या ढिगात हात घालून उभा! त्याच्या हातात पानाच्या डब्याएवढी एक काळी, चपटी, कातडं चढवलेली वस्तू होती. तळाजवळची कळ दाबली तसं पुढचं दार खाली पडलं आणि आतून भात्यावर बसलेलं भिंग बाहेर आलं. दुकानदार म्हणाला, "पाव्हणं, चालत न्हाई त्यो. कुना मिलिटरीवाल्याच्या घरातनं आलाय. शोकेसला ठिवा." दादा त्याच्याकडे न बघताच म्हणाला, "चालत न्हाई न्हवं? मग द्या. आमची जोडी जमंल."

मी रिक्षात बसून रडत होते आणि हा कॅमेरा घेऊन आला. इतका राग आला मला त्याचा... घरी आल्यावर त्याने तो खिडकीशी नेला आणि मला हाक मारली. मागच्या इवल्याशा खिडकीला डोळा लावला की मधोमध एक फिकट पिवळा चौकोन दिसायचा आणि त्या चौकोनात समोरची वस्तू दुहेरी दिसायची. माझ्या दारातली तुळस, एकीच्या दोन. अशा कॅमेऱ्यांत भिंग फिरवून त्या दोन एकीवर एक आणतात, एक झाल्या की फोटो स्पष्ट येणार. ह्या कॅमेऱ्यात मात्र भिंग जागचं हलायचंच नाही. मागे अंगठ्याखाली एक दातेरी चाक होतं, ते फिरवलं की आतली फिल्म पुढेमागे सरकायची. दादाला त्याचं कोण अप्रूप! "सगळी दुनिया डोळा फिरवती आन् ह्यो गडी डोक्यातलं मागंपुढं करतोय," म्हणाला. कोणी बनवला, कुठे बनवला, काही कळायला मार्ग नव्हता. नावाच्या जागी दोन भोकं तेवढी होती.

मग तो कराडच्या घराच्या ओट्यावर बसून त्या कॅमेऱ्याच्या मागे लागला. भात्याला भोकं होती, ती त्याने सायकलच्या पंक्चरच्या सोल्युशनने आणि काळ्या कापडाने बुजवली. उजेड आत सोडणारा पडदा अडकायचा, त्यात घड्याळवाल्याकडचं तेल सोडलं. सगळं परत बसवल्यावर एक स्क्रू उरलाच, तो त्याने खिशात टाकला. हात थरथरायचे, मधेच पोट धरून वाकायचा, घामाने भिजायचा. वहिनी त्या कॅमेऱ्याला अवदसा म्हणायच्या. "आवं, दोन घास खावा की. त्या डबड्यात काय जीव अडकलाय काय तुमचा?" यावर तो एक दिवस जे बोलला ते मी तिथे बसून ऐकलं. "व्हय. फोटू काडायचाय मला माजा. भितीवर लावायला. आबांगत मला कोट घालून टांगायचं न्हाई." वहिनी उठून आत निघून गेल्या. आमच्याकडे जिवंत माणसाचा असा फोटो काढायचं नावसुद्धा कोणी घेत नाही. अभद्र मानतात. त्याने संदीपला सांगून पाहिलं, त्याने विषय बदलला. शेजाऱ्यांना सांगितलं, त्यांनी कानावर हात ठेवले. मला सांगितलं, तर मी त्याच्यावरच ओरडले. मग मी म्हटलं, मोबाइलमधे काढू या की, हसतखेळत, त्यात काय एवढं? तर म्हणाला, "मोबाइलातल्या तोंडाला पोरं लगीच कोट चढवत्यात. हितं फिल्लमवर एकदा बसलं का बसलं. फिल्लमवर कोट चढत न्हाई, सुमे." तेव्हा मला कळलं. आबांच्या तसबिरीवरची थट्टा इतकी वर्षं थट्टा नव्हतीच. मरणाला तो भीत नसावा, पण मेल्यावर भिंतीवर दुसऱ्याच कोणाला तरी आपल्या नावाने हार पडतील, ह्याची त्याला खरोखर धास्ती होती. त्या कॅमेऱ्यात टिकटिक करून आपोआप फोटो निघायची सोय होती. दुसऱ्या कोणाची गरज पडणार नव्हती.

खंडेनवमीला कारखान्यातले सगळे फिटर घरी हत्यारं पूजतात. दादाही दरवर्षी पाट मांडून त्यावर पाने, हातोड्या, कानस ओळीने ठेवायचा. पूजेला लागलेलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत उचलायचं नाही. यंदा पाटाच्या मधोमध कॅमेरा होता. पूजेला वाकणं दादाला झेपेना, म्हणून ती वहिनींनी केली, असं पुढे कळलं. मी दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, सोनं द्यायला कराडला पोचले. दादा चक्क दाढी करून, धुतलेला पांढरा शर्ट बाह्या दुमडून घालून बसला होता. संदीपने पुण्याहून आणलेला मोठा रोल त्याने भरला होता. उन्हाचा आकडा, म्हणजे भिंगातून किती उजेड आत घ्यायचा तो, एकदाच लावून ठेवला होता. एकेकाला अंगणात लिंबाखाली उभं करून तो खिडकीतून बघायचा, अंगठ्याने चाक फिरवायचा आणि दाबायचा. वहिनींना उभं केलं, त्या पदर सावरत खाली बघत राहिल्या. मला उभं केलं, "दात दाव की, मास्तरीन," म्हणाला. शेवटी एकच फोटो उरला. त्याने अंगणात लोखंडी खुर्ची ठेवली, समोर पिंप पालथं घातलं, त्यावर कॅमेरा ठेवला, मागे उभं राहून वरूनच बोटाने चाचपत ती टिकटिक लावली आणि खुर्चीकडे निघाला.

तो खुर्चीपर्यंत पोचेल असं मला वाटलं नाही. दोन्ही हात पुढे धरून, पाय ओढत तो गेला. हाक मारावी तर वेळ जाईल, धरायला जावं तर फोटोत येईन. मी, वहिनी आणि संदीप, आम्ही तिघं ओट्यावर उभे. तो बसला. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवले, मान वर केली, आणि... तो चेहरा मी बघितलाय. गालफडं बसलेली, डोळ्यांत पिवळेपण, पण भुवया तशाच उंचावलेल्या, कारखान्याच्या साहेबाला खोटं पाडल्यावर व्हायच्या तशा. ओठांच्या डाव्या कोपऱ्यात हसू, उजवा कोपरा दुखण्याने आवळलेला. कानावर एक पांढरा केस उभा. टिकटिक थांबली, बारीक खट्ट झालं. दादा बसल्या जागीच मोठ्याने म्हणाला, "झालं! आता काय बी हूं दे."

त्यानंतर तो झपाट्याने उतरला. मिरजेला दाखल केलं आणि कॅमेरा रोलसकट माझ्याकडे आला. संदीपला हॉस्पिटल सोडून पुण्याला जाता येईना, म्हणून रोल धुऊन आणायची जबाबदारी माझ्यावर होती आणि मी तो घेऊन सांगलीत वणवण फिरले. फिल्म धुणारी दुकानं कधीच बंद पडलेली, जी होती त्यांत लग्नाचे अल्बम छापणारी पोरं. फिल्म म्हटल्यावर ती माझ्याकडे बघत राहायची. रोज संध्याकाळी मी मिरजेला जायचे आणि रोज दादाचा एकच प्रश्न, "आलं काय गं फोटू?" आवाज दिवसेंदिवस बारीक. रोज "उद्या" म्हणून मी बाहेर यायचे आणि जिन्यात भिंतीला डोकं टेकून उभी राहायचे. माणूस हातातून निसटतोय आणि आपल्याला एक साधा फोटो धुऊन मिळत नाही! शेवटी कोणीतरी नदाफचाचांचं नाव सांगितलं. स्टुडिओ बंद करून घरी बसलेले, दम्याने बेजार झालेले म्हातारे. मी त्यांच्या दारात उभी राहून हात जोडले. औषधं मिळवण्यात आणखी काही दिवस गेले. मग त्यांनीच फोन करून बोलावलं, "ताई, येताना कॅमेरा बी घिऊन या," म्हणाले.

त्यांनी फोटो टेबलावर मांडले होते. प्रत्येकाच्या मधोमध एक करडा, धुरकट डाग. वहिनींचं काठपदर, पाय, मागचं लिंबाचं खोड सगळं स्वच्छ, आणि चेहऱ्याच्या जागी धूर. माझं तसंच. दादाचं तसंच. चाचांनी कॅमेऱ्याचं दार उघडून उजेडाकडे धरलं. वाटीसारख्या कड्याच्या तळाशी, बरोब्बर भिंगाच्या मधोमध, हळदीकुंकवाचं सुकलेलं बोट. "पूजेला लावला हुता काय, ताई?" त्यांनी हळूच विचारलं. मी मान हलवली. ते म्हणाले, "दुसऱ्या कॅमेऱ्यात भिंगातनंच बघत्यात, तवा लगीच कळलं असतं. ह्याची बघायची खिडकी न्यारी. तिच्यातनं सगळं साफ दिसतंय. ह्ये कुनाला कळणार? उन्हात भिंगाचं भोक बारीक ठिवलं, म्हून डाग पसरला न्हाई, मधीच बसला." त्यांनी पुसायला फडकं काढलं. का कोण जाणे, मी नको म्हटलं आणि कॅमेरा पिशवीत टाकला.

मिरजेपर्यंत मी काय विचार केला ते मला सांगता येणार नाही. सांगावं की लपवावं? दाखवावं की हरवले म्हणावं? वॉर्डाबाहेर वहिनींना गाठलं आणि दादाचा तो एक फोटो त्यांच्या हातात दिला. बिघडला म्हटलं, कशाने ते सांगितलं नाही. त्या तो बघून तशाच आत गेल्या. दादाची नजर तोवर अंधूक झाली होती. माणूस आवाजावरून ओळखायचा. वहिनींनी त्याच्या हातात फोटो दिला, त्याने तो छातीवर धरला. "कसा आलाय?" त्याने विचारलं.

"खुर्चीत बसलायसा. हात दांडीवर हायती. पांढरा शर्ट."

"कोट न्हाई न्हवं?"

"न्हाई."

"मग झालं..." तो म्हणाला. फोटो त्याच्या छातीवर वरखाली होत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी संदीपचा फोन आला.

कराडला नेल्यावर अंगणात, त्याच लिंबाखाली, बायकांनी वहिनींना मधे घेतलं. मी म्हटलं, कुंकू पुसू नका, काही गरज नाही त्याची. ओरडून म्हटलं. मास्तरीणबाईंचं कोण ऐकतंय! एकीने त्यांचं कपाळ ओल्या पदराने पुसलं, हातातलं फोडलं. दहाव्याच्या आदल्या दिवशी संदीप तसबीर घेऊन आला. बिचाऱ्याने प्रेमानेच केलं होतं सगळं. कागद उलगडला, आणि आत आधारकार्डावरचा दादा, काळा कोट, लाल टाय, मागे निळा पडदा. दुकानदाराने न सांगताच घातला होता. तोच पडदा, आबांच्या मागचा. आबांचा मुलगा अखेर आबांशेजारी जाऊन बसणार होता, दोघेही परके... माझ्या तोंडून असा काही आवाज निघाला की शेजारच्या बायका धावत आल्या.

वहिनींनी माझ्याकडे दसऱ्याचे सगळे फोटो मागितले. मी दिले. त्या एकेक करून बघत गेल्या. सगळ्यांत डाग एकाच जागी आहे हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि मग माझ्याकडून कॅमेरा मागून घेऊन त्यांनी त्याचं दार उघडलं. माझ्याने बघवलं नाही. ज्या डबड्याला त्या अवदसा म्हणायच्या, त्याची पूजा त्यांनी नवऱ्यासाठी केली होती. दार मिटलेलं असेल तर देवाचं तोंड झाकल्यासारखं होईल, म्हणून दार उघडून, मधोमध, नीट बोट टेकवलं होतं. "म्याच केलं की वो वन्सं," म्हणून त्या जमिनीवर बसल्या आणि छाती बडवून घेऊ लागल्या. दादा गेल्यापासून तोंडातून एक हुंदका न काढलेली बाई... मी त्यांना धरलं. देवासारखं मानून केलेली गोष्ट अशी उलटावी, याला काय म्हणायचं? मला राग येतो. कोणावर काढायचा ते कळत नाही.

शेवटी मी पिशवीतून मऊ फडकं काढलं. निदान कॅमेरा तरी नीट करावा, संदीप कधी वापरेल, असं काहीतरी बडबडत मी भिंग पुसायला गेले. वहिनींनी माझं मनगट धरलं.

"माज्या कपाळाचं पुसलं समद्यांनी," त्या म्हणाल्या. "ह्ये कुनी पुसायचं न्हाई."

कोटातली तसबीर संदीपने स्वतःच परत कागदात गुंडाळली. भिंतीवर आता खुर्चीतला दादा आहे. दांड्यांवरचे हात, दुमडलेल्या बाह्या, एका पायातली निसटलेली चप्पल, आणि चेहऱ्याच्या जागी धूर. येणारेजाणारे विचारतात, हे कोण? वहिनींनी त्यासाठीच मला सांगितलं, "तुमी बगितलंय त्यांचं त्वांड. ल्ह्या." ते मी वर लिहिलं आहे. भुवया, ओठांचा डावा कोपरा, कानावरचा केस. जमेल तेवढं. कॅमेरा तसबिरीखालच्या फळीवर आहे, दार मिटलेला. परवा गेले होते तेव्हा वहिनी स्वयंपाकात होत्या. मी तो उचलला, दार उघडलं आणि मागच्या खिडकीला डोळा लावून अंगणातल्या खुर्चीकडे धरला. पिवळ्या चौकोनात दोन खुर्च्या होत्या. चाक फिरवत गेले, त्या एक झाल्या. रिकामी खुर्ची अगदी स्वच्छ दिसत होती.